मयूरीच्या तळ्यावरचं पाखरू

१२ मे, रविवार

संध्याकाळी नातीचा, मयूरीचा फोन. अमेरिकेत तिच्या घरामागच्या तळ्यावर लून नावाचा पाणपक्षी आला म्हणे — बर्फ वितळला की येतो. फोटो पाठवला. काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटी, जणू सोंगट्यांचा पट. डोळे गुंजेसारखे लाल! तिकडच्या मराठी शाळेतल्या पोरांसाठी ती तळ्यातल्या पक्ष्यांचा फलक रंगवतेय. बदक, बगळा, सगळ्यांना मराठी नाव आहे. याला नाही.

"आबा, तुम्हीच ठेवा. घरात कवितावाले तुम्हीच."

ऊर भरून आला. प्रकाशा गावच्या शाळेत चालीवर कविता म्हणणारा मी — माझा शब्द सातासमुद्रापार फलकावर!

हेमकांत, माझा मुलगा, तिचा बाप, ओट्यावर मोबाइलमध्ये केळीचे भाव बघत होता. मान वर केली नाही. पोरीने तिकडच्या डॅनियलशी लग्न केलं, घरी न विचारता. तेव्हापासून तीन वर्षं तिच्याशी बोलत नाही. या पाखराच्या निमित्ताने तरी बोलेल का?

१३ मे

चंद्रकंठी? जलमाणिक?

१५ मे

दोन्ही नावं बायकोला, पार्वतीबाईला ऐकवली. ही म्हणाली, "हाई पक्षीनं नाव शे का लुगडानं?" मग फोटो बघून — "टिबुकली शे ती. आपली तापीमानी. परदेशमा जाईसन फुगी गयी."

२६ मे, रविवार

टिबुकलीचं सांगितलं तर मयूरी पोट धरून हसली. लून कितीतरी मोठा, वजनदार. उडायचं तर पाण्यावर लांब धावत सुटतो. पाय इतके मागे की जमिनीवर धड चालता येत नाही. काठावर येतो तो फक्त घरट्यासाठी. लून मोजणारी मंडळी आहेत, त्यांच्यात ही. घरट्याजवळ कुणाची मोटरबोट आली की हात करून थांबवते. गोरे लोक थांबतात!

पारावर सगळ्यांना सांगितलं. गिरधरने विचारलं, "पगार किती देतस?" म्हटलं, फुकट करते. "मंग गर्व कसाना?" कसला, ते त्याला काय सांगू.

२ जून

नाव सुचत नाही. जुन्या कवितांत सगळे हंस, नाहीतर चातक. हा दोन्ही नाही.

१६ जून, रविवार

आज तिने तळ्यावरूनच व्हिडिओ कॉल केला. धूसर पाणी, लून संथ चाललेला आणि पाठीवर पिसांत रुतून बसलेलं एवढंसं काळं पिल्लू. हेमकांत जेवत होता. मी मुद्दाम आवाज मोठा केला, फोन त्याच्याकडे वळवून धरला. मयूरी सांगत होती, "आई-बाप दोघंही बसवतात, आबा. खाली पाण्यात मोठे मासे, वर गरुड. पाठीवर पिल्लाला भीती नाही."

हेमकांतचा हात भाकरीवर थांबला. तो बघत होता. मग ताट सरकवून शेतात गेला.

हिने मला झापलं — "जेऊ तर देता त्याले!"

१७ जून

दुपारी हेमकांतने आपणहून विचारलं, "किती दिन बसाडतस पाठवर?"

म्हटलं, दोन-तीन आठवडे. मग पिल्लू आपलं आपण पोहतं.

"हं," म्हणाला.

२२ जून

उद्या ती फलकावर नावं रंगवणार. माझ्याकडे अठरा नावं, एकही लावण्याजोगं नाही. रात्री ताटावर तसं म्हणालो. हेमकांत हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाठुंगळ्या."

म्हसावदच्या बाजारात हाच लहानग्या मयूरीला पाठुंगळी घेऊन फिरायचा. खाली उतर म्हटलं की ती मान आवळून धरायची.

माझी सगळी संस्कृत नावं खोडली. आनंदाने खोडली.

२३ जून, रविवार

मयूरीला नाव सांगितलं. तिने विचारलं, "हे तुमचं नाही, आबा. कोणाचं?"

"ओळख."

नाक ओढल्याचा आवाज आला. "पप्पा आहेत का तिथे?"

हेमकांत दारात उभा होता. फोन पुढे केला, घेतला नाही. पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "तिले म्हना, अक्षर मोठं काढ. लांबथून दिसाले पाहिजे."

पारावर गेलो. आज गिरधरने काही विचारायच्या आत सांगितलं — अमेरिकेतल्या पाखराचं नाव माझ्या मुलाने ठेवलं.

२५ जून

हेमकांत सकाळीच दाढी करून शहाद्याला गेला. आज बाजारही नाही. जाताना हिला म्हणाला, "पासपोर्टले फोटू काढना शे."