दोन हजार एकशे चाळीस

मंगळवार, संध्याकाळी सात

पुण्याच्या कंपनीला उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं. पगार आताच्या तिप्पट, पण राहायचं तिथंच.

अण्णांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दिवसातून चार वेळा मी त्यांच्या पोटात पिशवीतलं औषधी पाणी सोडते, परत काढते आणि मोजून वहीत लिहिते. आज अंबडला जाताना दुपारची पिशवी त्यांच्यावर सोपवली. ते एकटे करू शकतात का, तेच पाहायचं होतं.

मी परत आले तेव्हा अण्णा म्हणाले, "जमलं बराबर. तू जाय बिनघोर. बापाला मापत बसलीस तर लगीन कधी करशील?"

वहीत २१४० मिलीलिटर. काल दुपारीही २१४०, माझ्या अक्षरात. मी जाताना खोक्यात अकरा भरलेल्या पिशव्या होत्या, आताही अकराच.

"पाणी गढूळ होतं का?"

"न्हाई, काचेसारखं." माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांचे हात कापतात, नळी जोडता आली नसणार. सरळ विचारायला हवं होतं का? विचारलं नाही. राहिलेली पिशवी मीच लावली. २१४० खोडलं नाही.

मग कंपनीला नकार कळवला. अण्णांना म्हटलं, ती जागा भरली.

त्यांनी वही मिटली.