माझ्यासाठी थांबू नकोस

प्रिय टिल्लू,

हे पत्र तुला दारावरच्या काकू आणून देतील. त्यांच्याकडे बघून जरा हस, बिचाऱ्या आढेवेढे न घेता कबूल झाल्यात. माझं वाजवून झालं. ज्यांचं झालं त्यांना पुन्हा तुमच्या खोलीत सोडत नाहीत, फोन तर सकाळीच काढून घेतलेत, म्हणून हा कागदाचा उद्योग. अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या आधी अजून तिघं आहेत, तेव्हा गिटार मांडीवरून खाली ठेव आणि नीट वाच.

वाद्यवृंदात जागा एक आणि आपण दोघी. गेला महिनाभर घरात यावर कोणी चकार शब्द काढला नाही. आई तर दोघींकडे बघून सारखंच हसायचं म्हणून इतकी जपत होती, की तिचे गाल दुखले असतील. आज सकाळी रस्त्यात तू म्हणालीस, तुझंच होणार बघ ताई. मी हसले. खरं तर तेव्हा तुला एक ठेवून द्यावीशी वाटली. का, ते सांगते.

मागच्या महिन्यात एकदा मी चष्म्याच्या दुकानाची किल्ली घरी विसरले, म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. जिन्यात होते आणि वरून तो शेवटचा जलद तुकडा ऐकू आला, ज्याच्यापुढे मी इतकी वर्षं हात टेकलेत. एकेक सूर सुटा, स्वच्छ, आणि तरी कुठे अडखळणं नाही. मला वाटलं, आपले गिटारचे सर आलेत. मी बावळट, जिन्यातच केस सारखे केले. दारातून बघते तर तू! ओट्यावर बसलेली, पाय हलवत, अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे, आणि हात हलतोय की नाही अशी शंका यावी असा. मी उलट्या पावली खाली गेले, किल्ली न घेताच. मालकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आपण एकत्र वाजवतो तेव्हा तू माझ्याच वेगात असतेस, किंबहुना जराशी मागेच. मला वाटायचं, धाकटी आहे, येईल हळूहळू. वर मी तुला शिकवायचे, मनगट सैल सोड, खांदा चढवू नकोस म्हणून, आणि तू शहाण्यासारखी मान डोलवायचीस. लाज वाटली गं. संताप आला. आणि खोटं कशाला बोलू, तुझा हेवा वाटला, इतका की त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईला गाठलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ती पुढे गेली म्हणून तू मागे गिटार माळ्यावर टाकली होतीस ना? तेव्हापासून ती तुझ्यासाठी थांबते." ते रुसणं मी कधीच विसरले होते. तू मात्र धरून बसलीस. घरात दोघींना ठाऊक आणि मलाच पत्ता नाही, म्हणजे मी कोण, पाहुणी?

मग मी चोरी सुरू केली. कामाला निघाले असं दाखवून जिन्याच्या खिडकीत उभी राहायचे. शेजारच्या आजोबांनी दोनदा विचारलं, काही हरवलंय का पोरी? माझ्या चिमटीतलं पिक तारेत खोल रुततं आणि ते उपसायला सगळा हात लागतो. तुझं जरासं कललेलं असतं, टोकानंच तारेला शिवतं आणि वर येताना आपसूक बाहेर निघतं, म्हणजे पुढच्या तारेवर जायला मोकळं. कोपर गप्प. ओला हात झटकताना मनगट हलतं, तेवढंच. हे कळल्यावर मी जुनी गिटार दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवली. गिऱ्हाईक नसलं की चारच सूर झरकन वाजवायचे आणि थांबायचं. दात आवळले गेले की सोडून द्यायचं. पिक इतकं सैल धरायचे की सारखं हातातून पडायचं. हळूहळू चाराचे आठ झाले, आणि मग एक दिवस थांबायचं विसरूनच गेले.

आज आत गेले. समोर तिघं परीक्षक, त्यातल्या एकाचं पेन टेबलावर टकटक करतंय. तो तुकडा जवळ आला तसा दंड लाकडासारखा व्हायला लागला. वाटलं, संपलं सगळं. मी श्वास सोडला, बोटं ढिली केली, आणि गेलं गं, सरसर निघून गेलं. पेन थांबलं. एवढं चांगलं मी जन्मात वाजवलेलं नाही. ही जागा मला हवी आहे, टिल्लू. लोकांच्या नाकावर चष्मे बसवत म्हातारी व्हायचं नाही मला.

म्हणूनच हे लिहितेय. तू आत जाशील आणि सवयीने हात आखडता घेशील. तुझं ठरलंय, सकाळी चेहऱ्यावर दिसत होतं. तसं केलंस आणि जागा मला मिळाली, तर मी ती घेईन. सोडणार नाही, मी काही संत नाही. पण मग ती मी मिळवली की तू मला दिलीस, हे मला कधीच कळणार नाही. आयुष्यात एकदा मला खरं वाजवता आलंय, त्याची भीक करू नकोस. पूर्ण वेगानं वाजव. जमलं तर हरव मला. हरले तर रडेन, भांडेन, आठवडाभर तोंड फुगवून बसेन, आणि ते तुला सोसावं लागेल. पण या वेळी माळ्यावर काही जाणार नाही, आईची शपथ. मी बाहेरच्या बाकावर बसले आहे आणि इथे आतलं सगळं ऐकू येतं.

आज संध्याकाळपर्यंत तुझी वैरीण, नंतर तुझीच,
ताई