टिश्यूची पाकिटं आणि स्कॉटिश वकील

बिशान, सिंगापूर
ऑगस्ट २०१४

ती. पद्माकरमामांना मैत्रेयीचा साष्टांग नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन छान झाल्याचं आईकडून कळलं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, ती पाळा (म्हणजे हे पत्र वाचून झाल्यावर). शुभदामामीचे गुडघे कसे आहेत? त्यांच्यापायी ती तुमच्याबरोबर इकडे येऊ शकली नाही, याची हळहळ अजून जात नाही.

मामा, हे पत्र आभाराचं आहे. तुम्ही आलात तेव्हा माझी पीएचडी गाळात रुतली होती, हे मी बोलले नव्हते. माझा विषय तुम्हाला ठाऊकच आहे: अडीचशे वर्षांपूर्वीचा तो स्कॉटिश वकील, ज्याने लंडनच्या एका विद्वानामागे हिंडून त्याचं बोलणं टिपलं आणि डायरीत स्वतःची फजितीही लपवली नाही. (तुम्ही त्याला रिकामटेकडा म्हणालात. त्याच्या वडिलांचंही मत साधारण तेच होतं.) माझं प्रकरण वाचून गाइडबाई म्हणाल्या, यात तळटिपा आहेत, माणूस कुठे आहे? समितीला ते प्रकरण पटलं नसतं तर गाशा गुंडाळून पुणं गाठावं लागलं असतं. त्यांनीच सुचवलं, की एखादा बोलका माणूस धर, त्याच्यामागे हिंड आणि घरी येऊन आठवून लिही. बोलका माणूस मला शोधावा लागला नाही.

तर खाण्याच्या गाड्यांचं ते हॉकर सेंटर. इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली, असा रिवाज. (ज्या माणसाने स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल, पिशवी आणि एकदा खुद्द मला आत टाकून जागा धरली, त्याला हे समजावून सांगावं असं मला वाटलं नाही.) मी डोसे घेऊन परत येते तो तुम्ही चार टेबलांवरची पाकिटं गोळा करून, पाहुण्यांची किती काळजी घेतात हे लोक, म्हणून या देशाचं कौतुक करत बसलेले, आणि भोवती ट्रे धरून ताटकळलेली मंडळी. मी सरळ खांबामागे गेले. शेवटी एक चिनी आजोबा "नेव्हर माइंड लाह" म्हणत तुमच्याशेजारी बसले, तुम्ही ओशाळून सगळ्यांची पाकिटं परत केलीत आणि मग तासभर गप्पा मारल्यात. मिसेस आल्या नाहीत का, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही जे बोललात, त्याचं मराठी करते: "ती असती तर तिने आधी विचारलं असतं, पाकिटं कुणाची. इतकी वर्षं ती विचारते, म्हणून मी शहाणा दिसतो."

मी हे सगळं लिहिलं, खांबासकट. गाइडबाई हसल्या आणि म्हणाल्या, आता आली माणसं. त्या वकिलाचं काय चाललं होतं ते तुला कळलं. मग प्रकरण नव्याने लिहिलं. परवा समितीने ते मान्य केलं. मामा, मी इथे राहिले ती तुमच्यामुळे.

तुमची ऋणी,
मैत्रेयी

ता. क. हॉकर सेंटरवर लिहिलेलं ते पान छापून यायचं आहे. तुमचं ते वाक्य छापायला परवानगी हवी. परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये तुम्ही बजावलं होतंत, मामीला यातलं काही सांगू नकोस म्हणून. मी शब्द पाळला आहे.

आणखी ता. क. मामी, त्यांना वाचायची मनाई आहे, म्हणजे हे तूच मोठ्याने वाचते आहेस. मी तुला काहीही सांगितलेलं नाही, तू वाचलंस. परवानगीचं तूच ठरव. आणि आता त्यांच्याकडे बघ. डोळे चोळायला लागले असतील तर हात धर.