गाऊनची लांबी

३ जून

चि. धाकटीस,
अ. आ.
गाऊन मिळाला. तीस वर्षं शिवणकाम करतेस आणि अजून लांबी चुकते? पायात येतो. काल स्वयंपाकघरात अडखळले, ओटा धरला म्हणून वाचले. ह्यांचं तसंच आहे. उचलून खुर्चीत बसवायचं, अंग पुसायचं, परत उचलून निजवायचं. चार वर्षांत सवय झाली. माझी पाठ तेवढी धरते. वय झालं, दुसरं काय! गाऊन परत पाठवतेय. दोन इंच कमी कर आणि चष्मा बदल.
लोभ आहेच, तो मापात बसवू नकोस.
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
चष्मा ठणठणीत आहे. मापाची वही काढली. दहा वर्षांपूर्वीच्या तुझ्याच मापानं शिवलाय. गाऊन वाढला नाही ताई, तू उतरलीस. दुकानात हे नेहमीचंच. साठी ओलांडलेल्या बायका लांबी कमी करायला येतात आणि वर मलाच नावं ठेवतात. त्यातल्या एकीची सून डॉक्टर आहे. ती म्हणाली, हाडं ठिसूळ झाली की न पडताही मणके खचतात आणि उंची घटते. हाडांची तपासणी करून घे, अजिबात दुखत नाही. खुबा मोडल्यावर आई पुन्हा उठली नाही, हे तुला सांगायला हवं का? मला भीती वाटते. तपासणी झाल्याचं कळव, मगच गाऊन पाठवीन.
रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.
तपासणी केली. दोन मणके खचलेत, कधी ते देव जाणे. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आडवं व्हायला वेळ कुणाला आहे म्हटलं, तर डॉक्टरीणबाई हसल्या. शिवाय कॅल्शियम, रोज उन्हात चालणं, आणि घरातली घसरती पायपुसणी काढून टाकायची. ते सगळं जमेल.
पण वाकून वजन उचलायचं नाही म्हणाल्या. अजिबात नाही. हेच ऐकावं लागेल म्हणून मी इतके दिवस गेले नव्हते, धाकटे. तुझ्या शिवणीला नावं ठेवणं सोपं होतं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी त्यांनी नेहमीसारखे माझ्या गळ्यात हात टाकले, आणि मी उचललं.
फार थकले गं. चार वर्षांत कुणाला ये म्हटलं नाही. तू ये.
ताई