तिठ्यावरचा पिंजरा

प्रिय आई, इतक्या लांबूनही वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. पोरगी पक्ष्यांचे पिंजरे करते, असं तू शेजारच्या काकूंना सांगितलंस म्हणे! असू दे. माझे पिंजरे डोळ्यांना दिसतच नाहीत. धातूचे कण आणि काड्यांसारखे रेणू पाण्यात सोडले, की ते आपले आपणच बांधले जातात.

डीएनएचा दोन धाग्यांचा पीळ तू टीव्हीवर पाहिलायस. त्यात कधी कधी तीन वाटा एकत्र येऊन तिठा होतो, आणि तो सारखा हलत राहतो. पिंजरा तरंगत येतो, बरोबर मधे बसतो, आणि तिठा शांत होतो. हल्ली मला हेच स्वप्नात दिसतं. तिठ्यावर तू उभी असतेस.

काल मात्र माझ्या हातून पिंजरे जास्त पडले आणि नळीतलं सगळं नासलेल्या दुधासारखं झालं. नुकताच दादाचा फोन झाला होता. तुझ्या तपासणीचं विचारलं, की तो पाऊसपाण्यावर घसरतो.

औषध पितेस ना, की कुंडीत ओततेस?

पिंजऱ्याला तिठा कुठे आहे ते कुणी सांगावं लागत नाही, आई. मला सांगावं लागतं. तपासणीत काय निघालं, ते तूच सांग.

तुझीच,
धांदरट धाकटी