सगळ्यांसाठी उघडी राहिलेली फाइल

आप्पा, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मी ऑफिसात बसून तुम्हाला लिहितेय. चाकणच्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते, हे तुम्हाला माहीतच नाही. सकाळपासून चारदा जागेवरून उठले आणि चारदा परत येऊन तीच एक फाइल तपासली. लाइनवर कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा, ते आकडे तिच्यात असतात. वाचता ती सगळ्यांना येते, बदलता फक्त दोघींना, मला आणि लाइन लीडरला. निदान तसं असायला हवं.

तुमच्या पिंपरीच्या कंपनीतली खंडेनवमी आठवते. यंत्रांना झेंडूचे हार, आम्ही पोरं नवे कपडे घालून टूलरूममध्ये. तुमच्या काचेच्या कपाटात मापाचे गेज मांडलेत, मी हळूच एक उचलते आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातावर चापट मारता. "बघायचं समद्यांनी, हात लावायचा एकानं. न्हाईतर चूक कुणाची, ते कसं कळायचं?" कासारवाडीला घरी पोचेपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. सणासुदीला पोरीला कशाला मारलंत, म्हणून आई करवादली. तुम्ही पेढा पुढे केलात, पण चुकलो म्हणाला नाहीत. त्याचा मला अजून राग आहे.

तर गेल्या महिन्यात एके दिवशी संध्याकाळी पाचला दुसऱ्या शिफ्टचा फोन आला. लाइन थांबलीय, आकडा बदलायचाय आणि लाइन लीडर नेमकी रजेवर. मी कंपनीच्या बसमध्ये, तळेगाव चौकात अडकलेली, मांडीवर लॅपटॉप. एकेकाला परवानगी देत कोण बसणार? कुणालाही बदलता येईल अशी फाइल सगळ्यांसाठी उघडून टाकली, घरी गेल्यावर बंद करू म्हटलं आणि साफ विसरले. आमच्याकडे हे असंच चालतं, तात्पुरतं म्हणून. आठ दिवसांनी माल परत आला, बोल्ट ढिले. मधल्या दिवसांत कुणीतरी आकडा खाली आणला होता. कुणी, याची नोंद आम्ही ठेवतच नव्हतो.

चौकशीवाले यायच्या आधी मी फाइल बंद केली. फाइल कुणाच्या नावावर, बदलायची परवानगी कुणाला, सगळं जिथल्या तिथे. त्यांना सगळं चोख दिसलं. मग आकडा बदलू शकणाऱ्या आम्ही दोघीच उरलो, आणि माझ्यावर कोण संशय घेणार? लाइन लीडर लातूरकडची, कंत्राटावर. उद्यापासून येऊ नको, असं तिला आज सकाळी सांगितलं. जिन्यात मला गाठून म्हणाली, "म्या त्या आकड्याला हात बी नाही लावला, मॅडम. तुम्ही तर वळखता मला." बघते, एवढंच मी म्हणाले. माझी मलाच लाज वाटली, आणि तरी मी कँटीनमध्ये जाऊन जेवले.

साहेबांना लिहायचा मेल उघडून ठेवलाय. फाइल मी उघडी टाकली आणि चौकशीआधी मीच बंद केली, एवढंच लिहायचंय. नुसतं साहेबांचं नाव लिहून झालंय, पुढे हात चालत नाही, मी पाणी प्यायला उठते. चारला तिचा गेटपास जमा करून घेणार आहेत. आता साडेतीन वाजलेत.

साहेबांना दोन ओळी लिहायचा धीर होत नाही, आणि तुम्हाला मात्र पानभर लिहून झालं. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच.