मामीच्या दंडावरचा प्रयोग

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ मे

भाची संघप्रिया हिस भाऊसोमामाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू, तुझी प्रयोगशाळा आणि तिथले उंदीर खुशाल असावेत. आम्ही ठीक. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन हातात घेतला की तुझी मामी शेजारी येऊन बसते.)

भीमजयंतीला तू म्हणालीस, एकाच उन्हात बाईची आणि पुरुषाची कातडी सारखी लाल होत नाही, त्यात हार्मोन्सचाही हात असतो. पण कसा नि किती, तेच शोधताय. तेव्हापासून मला चैन पडेना. म्हटलं, उंदीर कशाला, घरात एक नर, एक मादी आयतीच आहेत (हे मामीला कळू देऊ नकोस). दोन जुन्या लग्नपत्रिकांना रुपयाएवढी तीन-तीन भोकं पाडली, त्या दोघांच्या मनगटाजवळ बांधल्या आणि भर बाराला गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी अर्धा तास बसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या हातावर तीन लालभडक टिकल्या, मामीच्या हातावर डागही नाही! बाईचं हार्मोन उन्हाला भारी, असं मी गल्लीभर सांगून आलो. (शेजारच्या चिमणाबाईनं त्या आनंदात मला ताक पाजलं.) मामी म्हणाली, "तुमी पस्तीस वर्सं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पंख्याखाली बसलाय, म्या भर उनात उसातलं तण भांगललं. ह्यात हार्मोन कुठनं आलं?"

शास्त्रज्ञाचं नाक कापलं गेलं. मग दोघांचीही ऊन न पाहिलेली जागा निवडली, बाहीखालचा दंड. तिथं मात्र मामी माझ्याहून लाल! आता हार्मोन हरलं की जिंकलं? शिवाय पन्नाशीनंतर (मामानं लिहू नये, पण) बाईचं हार्मोन उरतं किती? दोन माणसांवर निकाल लागत नाही हे कळतं, पण जीव गप्प बसत नाही.

तुझा,
भाऊसोमामा

ता. क. खरं सांगतो, प्रयोग हे निमित्त. तू गेलीस त्याच आठवड्यात मामीच्या गालांवर आणि नाकावर लाली आली, ती अजून आहे. उन्हात गेली की भडकते. सकाळी बोटं सुजतात. डॉक्टरचं नाव काढलं की "ऊन लागलंय" म्हणते आणि तोंड फिरवते. जवळून बघायला मिळावं म्हणून हा खटाटोप केला. तिला उन्हात बसवलं ते चुकलंच माझं. पोरी, मला भीती वाटते. तू येऊन तिला डॉक्टरकडं ने.

आणखी ता. क. पाकीट चिकटवाय माझ्याकडं दिलं, तवा वाचलं. ती मादी मीच. मामा भित्रं हाय, तू घाबरू नगंस. दंड कशापायी बघत्यात, मला पयल्याच दिवशी कळलंतं. म्हणून तर दिला की. मूठ मिटंना, म्हणून अक्षर वाकडं आलंय. डॉक्टरीणबाईची येळ घे. सकाळची घे, उन्हाची नगं.